वुकोविचांचं कुलदैवत

प्रत्येक घरात एक पिशवी असते, जिच्यात बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. कुणी त्या मुद्दाम जमवत नाही, पण टाकूनही देत नाही. ऑफिसातल्या किश्शांचं तसंच होतं. आणि ऑफिसात एखादी बाई गप्प बसणारी असली, की ती पिशवी तीच होते. आमच्याकडे ती मी.

ऑफिस नवीन पनवेलमध्ये, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. परदेशातली माणसं आम्हाला आपलं आडनाव पाठवतात. ते आलं कुठून, अर्थ काय, आणि त्या आडनावाची माणसं आज जगात कुठेकुठे पांगलीत, याचा आम्ही रिपोर्ट करून देतो. करंदीकर सर मालक. कामाला नदीम, प्रणाली आणि मी. खालून ड्रिलचा आवाज सुरू झाला की नदीम म्हणतो, "खाली एकाची मुळं खणतायत, वर सगळ्या खानदानाची."

*

दारावर 'आडनाव संशोधन' अशी पाटी आहे. एकदा खांदा कॉलनीतल्या एक काकू जिना चढून आल्या आणि मुलाचा बायोडेटा टेबलावर ठेवला.

सरांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि हळूहळू समजावून सांगितलं की हे विवाहमंडळ नाही. आम्ही सर्बिया, हंगेरी, पोर्तुगाल अशा देशांतली आडनावं बघतो.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठताना बायोडेटा मात्र सरांकडे आणखी थोडा सरकवला.

"तिकडची असली तरी आमची काही हरकत नाही. फक्त मंगळ नको."

*

माझं स्वतःचं लग्न होऊन एक पावसाळा झालाय. खांदा कॉलनीतल्या दाबक्यांची मुलगी कोन गावच्या पाटलांकडे गेली. अंतर एका रिक्षाचं. पण माहेरी कुकरच्या तीन शिट्ट्यांत जेवण व्हायचं, आणि इथे ताटात मासा नसला तर कुणाला बरं नाही का, असं विचारतात. ते जमलं. मासा आवडायलाही लागला.

आडनावाचं मात्र लोंबकळत राहिलं. दिवसभर दुसऱ्यांच्या आडनावांचा निकाल लावायचा, आणि आपल्या आधार कार्डावर अजून दाबके. त्यात आधार केंद्र आमच्या ऑफिसच्या अगदी समोर. सासूबाईंना घरात सगळेच आई म्हणतात. त्या रोज सकाळी डबा हातात देताना विचारतात, "बाय, आज तरी जाशील ना समोर?"

"आज गर्दी असेल, आई."

"मंग उद्या जा."

सुजित, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तू ठरव." माहेरी बाबांना विचारलं. त्यांना मी एकटीच. तेही म्हणाले, "तू ठरव," आणि पेपर उघडला. मी तिथे बराच वेळ बसले होते, त्यांनी पान काही उलटलं नाही.

मग आईंनीच मुदत घातली. नव्या सुनेने कार्ल्याच्या एकवीरेची ओटी भरायची राहिली होती. दिवाळीनंतरचा शनिवार ठरला. "देवीसमोर नाव सांगावं लागतं," आई म्हणाल्या. "सकाली आधी आधारचं काम, मंग देवी. तिच्यापुढं पाटलीन म्हनून उभी राहा, झालं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जबरदस्तीही नव्हती. तेच अवघड होतं. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. हो म्हणायला जायचे तर पेपरामागचे बाबा दिसायचे, नाही म्हणायला जायचे तर आईंच्या हातातला डबा.

*

आईंची आडनावं तपासायची स्वतःची पद्धत आहे. एकदा दारात कुरिअरवाला आला. त्याच्या ओळखपत्रावर 'पाटील' वाचून आईंनी त्याला ओट्यावरच थांबवला.

"कुठलं पाटील तुमी?"

"जळगावकडचे, मावशी."

"देवी कोनची तुमची?"

"मनुदेवी."

"मंग आपलं काय नातं नाय. पन पानी पिऊन जा."

मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा सर पोट धरून हसले. नंतर तेच हसणं आमच्या अंगाशी आलं.

*

दसऱ्याच्या सुमारास ऑस्ट्रेलियातून एक ऑर्डर आली. आडनाव वुकोविच, सर्बियन. पाठवणारे एक आजोबा. तरुणपणी डोंगरातलं गाव सोडून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रत्नांच्या खाणीवर गेले, ते तिथलेच झाले. बायको गेली, मूलबाळ नाही.

'वुक' म्हणजे लांडगा, आणि 'विच'वर संपणारी ही आडनावं कुणातरी बापाच्या नावावरून आलेली. म्हणजे वुकोविच हे कोणा एका वुकचे वंशज.

"बस, मग आपले लांडगेच की हे," नदीम म्हणाला. "भोसरीच्या लांडग्यांना फोन लावू?"

पण आपल्या बाळाचं नाव लांडगा कोण ठेवेल, हे सरांना कळेना. शोधल्यावर सापडलं की तिकडे ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे मुद्दाम असं नाव ठेवायचे. मुलं खाणारी चेटकीण लांडग्याच्या वाटेला जात नाही, असा समज.

प्रणाली बेलपाड्याची, आणि ऑफिसात सगळ्यांत जास्त बोलणारी. तिने कीबोर्डवरून हात उचलला.

"माझ्या आजोबांचं नाव धोंडू होतं," ती म्हणाली. "त्यांच्या आधीची सगळी गेली होती."

"आमच्यात एक केरू होते," सर म्हणाले.

नदीम म्हणाला, "चला, लांडगा तर लांडगा. पोरगा जगला ना."

*

मग नकाशा. वुकोविच कुठेकुठे आहेत त्याच्या टाचण्या लावायच्या. सर्बिया, शेजारचे डोंगर, व्हिएन्ना, शिकागो, अर्जेंटिना. ऑस्ट्रेलियातल्या आजोबांच्या गावी ऊन इतकं, की लोक जमिनीखाली राहतात आणि सर्बियन लोकांचं चर्चसुद्धा जमिनीखाली कोरलेलं आहे.

नदीमला यात नवल वाटलं नाही. "आमच्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. कुवेत, दोहा, केपटाऊन. पनवेलमध्ये फक्त घरांच्या चाव्या असतात."

सरांनी प्रणालीला विचारलं, "आणि तुमचं खानदान कुठेकुठे गेलं?"

"कुठं नाय, सर. आधी पत्ता होता बेलपाडा. मग आजूबाजूला खारघर झालं, सेक्टर झाला, प्लॉट नंबर झाला. आमी हाय तिथंच हाय. पत्ताच फिरतोय."

*

आजोबांना खरं तर रिपोर्ट नको होता. सर्बियन लोकांत प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येणारा. वर्षातून एकदा त्याच्या नावाने मेणबत्ती लावतात, पाव करतात, गोड गहू शिजवतात, दार उघडं ठेवतात. त्याला 'स्लावा' म्हणतात. आजोबांचा संत योवान. आपल्यामागे त्या दिवशी मेणबत्ती लावणारं घरचं कुणीतरी असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही जीव तोडून शोधलं. अर्जेंटिनात एक वुकोविच कुटुंब मिळालं. डोंगरातलं गाव तेच, पणजोबांचं नावही तेच. सरांनी पेढे मागवले आणि तिथल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी आमच्या आजोबांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. दोन म्हातारे स्क्रीनवर एकमेकांकडे बघून रडायच्या बेतात आले होते.

मग आमच्या आजोबांनी विचारलं, "स्लावा कोणती तुमची?"

"संत निकोला."

आजोबांचा चेहरा हळूहळू मिटला. ते नम्रपणे म्हणाले, "मग आपण एकमेकांचे कुणी नाही. भेटून आनंद झाला."

कॉल बंद झाला. सर पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हणाले, "मराठी माणसं आपण. आडनाव जुळलं, गाव जुळलं, आणि कुलदैवत विचारायचं राहिलं? ऋता, तुझ्या सासूबाईंनी कुरिअरवाल्याला सोडला नाही गं."

*

ती फाइल माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना, भांडी लावताना तेच. शनिवार जवळ येत होता, आणि मी स्वतःचं सोडून वुकोविचांचं ठरवत होते.

एकदा ऑफिसात नकाशासमोर फेऱ्या मारताना लक्षात आलं, की इतक्या टाचण्यांत लग्न करून गेलेली एकही मुलगी नाही. असणार कशी? आम्ही आडनाव शोधत होतो, आणि त्या ते सोडून गेलेल्या.

मग मी परदेशातल्या सर्बियन लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर वेगळा प्रश्न टाकला. माहेर वुकोविच, गाव हे, स्लावा संत योवान, असं कुणी आहे का? उत्तर आलं व्हिएन्नाहून. तिथे एका बेकरीत काम करणाऱ्या बाईंचं. त्यांचं आताचं आडनाव आमच्या कुठल्याच यादीत बसणारं नव्हतं.

त्यांना रविवारीच सुटी, म्हणून कॉल मी घरून लावला. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी आई सुपात सुका जवळा निवडत बसलेल्या. माझ्यासाठी ती दोघं इंग्रजीत बोलत होती, आणि मी आईंना मराठीत सांगत होते.

आजोबांनी या वेळी नमस्कारही केला नाही. थेट विचारलं, "स्लावा?"

"दोन," बाई म्हणाल्या. "नवऱ्याची संत निकोला. आणि वडिलांची संत योवान. मला भाऊ नाही. वडील गेल्यावर त्यांची मेणबत्ती मी माझ्या घरात लावते."

"नवरा काही म्हणत नाही?"

"तोच गहू शिजवतो. माझे चिकट होतात."

पुढची नावं पटापट जुळली. त्यांचे आजोबा म्हणजे आमच्या आजोबांचे सख्खे काका. आजोबा चष्मा काढून पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

आईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हनतात?"

मी सांगितलं. सगळं, गव्हासकट.

"दोन दोन देव करते?" आई म्हणाल्या. "एका घरात?"

"हो."

तेवढ्यात आजोबांनी चष्मा घातला आणि त्यांना स्क्रीनच्या कडेला आई दिसल्या. त्यांनी विचारलं, "यांची स्लावा कोणती?"

मी मराठीत सांगितल्यावर आई पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "एकवीरा."

आजोबांनी मान झुकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझी, मुली? तुझ्या वडिलांची?"

हे मराठीत सांगायची गरज पडली नाही. आईंना 'फादर' कळलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. कुरिअरवाल्याला विचारलं होतं, गॅसवाल्याला, रिक्षावाल्यालाही विचारलं होतं. मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि नेमकं नेट गेलं. आई पुन्हा सुपाकडे वळल्या. त्या दिवशी जवळा दोनदा निवडून झाला.

*

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. सुजित गाडी चालवत होता. आई पुढे, मांडीवर ओटीची पिशवी. मी मागे, आधारचे कागद पर्समध्ये, आणि पर्सची चेन उघडत मिटत होते.

गाडी गावाबाहेर पडली. मग आईंनी मान न वळवता विचारलं, "बाय, दाबक्यांची देवी कोनची?"

"योगेश्वरी. आंबेजोगाईची."

"लांब हाय?"

"मराठवाड्यात, आई," सुजित म्हणाला. "जायचं तर मुक्काम पडेल."

आईंनी मांडीवरची पिशवी जरा उघडून आत बघितलं. मीही मागून वाकले. एका ओटीला एक लागतो, आत दोन नारळ होते, दोन खण.

फाटा आला. सरळ गेलं की कार्ल्याचा रस्ता, तोच पुढे मराठवाड्याकडे जाणारा, आणि वळलं की आधार केंद्र. सुजितने वळायला इंडिकेटर दिला.

"इकडं कुठं वलतोस?" आई म्हणाल्या.

"आधी आधार ना?"

"आंबेजोगाई त्या रस्त्यानं हाय?"

"नाही."

"मंग इंडिकेटर बंद कर."