आधी रेडिओ बारीक करा

पावसाळ्यात दोरीवर ओले कपडे साठतात ना, तसे आमच्या रेडिओत किस्से साठतात. एक वाळत नाही तोवर दुसरा येऊन पडतो. घरी गेल्यावर कोणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जात नाही.

आमचा रेडिओ म्हणजे महाडच्या बाजारात एका दुकानावरची दीड खोली. आवाज पार पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत जातो. मध्ये डोंगर आडवा आला तर नाही जात! माणसं तीन. मोकाशी सर म्हणजे रिटायर मास्तर, ते मुख्य. वनिता मशीन सांभाळते. आणि मी. दर बुधवारी सकाळी 'बोला, ऐकतोय' असतं. लोक फोनवर गावची अडचण सांगतात आणि समोर त्या खात्याचे साहेब बसलेले असतात.

मी आधी नुसती ऐकणारी होते. पण बुधवारी माझा फोन ठरलेला! टाकीच्या पाण्यात जंतू असतील का, घाटात दगड येतील का, अंगणवाडीच्या छपरात साप असेल का. शेवटी सरांनीच बोलावून घेतलं.

"सर, मी सातवीच शिकलेय."

"मी एम.ए. आहे. माझं कोण ऐकतं?" मग वनिताला म्हणाले, "हिला जी काळजी वाटते ती अख्ख्या तालुक्याला वाटत असते. ही फक्त आधी बोलते!"

एकच अट घातली. "घरचं गाऱ्हाणं माईकवर आणायचं नाही. इथे तुम्ही विचारणाऱ्या, मागणाऱ्या नव्हे."

तिथेच माझी गोची झाली. माझं गाऱ्हाणं एकच. आमच्या वाडीच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायी जायचा लहानसा पूल, मागच्या पावसात वाहून गेला. शाळा पलीकडे. आता तिथे एक ओंडका टाकलाय. माझी स्वरा पहिलीत आहे. सासूबाई तिला कडेवर घेऊन त्या ओंडक्यावरून नेतात आणि आणतात. मी इथे गोड आवाजात "नमस्कार मंडळी" म्हणते, आणि बाहेर पावसाची सर वाजली की खिडकीकडे बघते.

*

फोन लागला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी रेडिओ बारीक करा." माणूस फोनवर बोलतो आणि शेजारी त्याचाच रेडिओ मोठ्यानं चालू असतो. मग आवाजात आवाज घुसून नुसती खरखर आणि शिट्ट्या!

वरंधकडच्या एका आजोबांना मी तीनदा सांगितलं. ते काही ऐकेनात.

"बाबा, रेडिओ बारीक करा ना!"

"नाय करणार. घरात माझं कोण ऐकत नाय. आज मला तरी ऐकू दे!"

*

मोबाईलच्या रेंजवर कार्यक्रम होता. कंपनीचे एक साहेब टाय लावून आलेले. एका दादांचा फोन आला, "आमच्या गावात रेंज अजिबात नाय."

आवाज इतका स्वच्छ, की साहेब खूश झाले. "अहो, मग आत्ता बोलताय कसे? अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू येतंय!"

"फणसावर बसलोय साहेब. लवकर बोला, खाली तिघं रांगेत हायत!"

सगळे हसले. मी नाही हसले. आमच्या वाडीतही तसंच. रेंज एकाच जागी, ओढ्याकाठच्या कातळावर. घरी काही झालं तर फोन करायलाही त्याच पाण्याशी जायचं.

*

माकडांनी परसातलं काही ठेवलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. जंगल खात्याचे साहेब म्हणाले, "थाळी वाजवा, पळून जातात."

पुढच्या बुधवारी एका ताईंचा फोन. "साहेबांनी सांगितलं तशी थाळी वाजवली."

"मग? गेली माकडं?"

"नाय गो बाय! आता थाळी वाजली की जेवायला येतात!"

*

आमचा रेडिओ मुंबईतही मोबाईलवर ऐकतात. नालासोपाऱ्याहून एका विलासरावांचा फोन आला. गावची एसटी बंद झाली, सिस्टीमच खराब आहे, गावाला यायचं तरी कसं, असं बराच वेळ तावातावानं बोलले. सरांनी मान डोलावली. मुद्दा खराच होता.

लगेच दुसरा फोन. म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"विलास, अरे गाडी बंद झाली म्हणून येत नाय तू?"

सरांची मान डोलायची थांबली.

"गाडी दारापर्यंत येत होती, तवा कुठं येत होतास रे?"

वनितानं घाईघाईनं गाणं लावलं. पण सांगते, त्या रविवारी विलासराव फाट्यापासून चालत घरी आले. त्यांच्या आईनंच कळवलं. वर म्हणाल्या, "एसटी नका चालू करू. चालून आला की जेवतो चांगला!"

*

लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या, तेव्हा फोनच लागेनात. वेळ भरून काढायचा म्हणून मी विचारलं, "पोलादपूरच्या एका श्रोत्या ताई विचारतात, मुलगी भात खाते पण भाकरी खात नाही, काय करावं?"

मॅडमनी सांगितलं.

"आणखी एक ताई विचारतात, मुलगी झोपेत दात खाते." तेही सांगितलं.

"सव गावच्या ताई विचारतात, मुलीचा डावा पाय जरा..."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग माईकजवळ आल्या.

"या सगळ्या ताईंना सांगा, मुलगी ठणठणीत आहे. तिच्या आईनं जरा झोप काढावी!"

सरांनी त्या दिवशी जाताना मला चहा स्वतः आणून दिला.

*

सासूबाईंना माझी ही नोकरी पटलेली नाही. "लोकांशी फोनवर बोलायचा कसला गो पगार?" मी विचारलं, "आई, आजचा कार्यक्रम ऐकलात?" की उत्तर एकच. "मला कामं हायत. मी नाय ऐकत."

आमच्याकडे भाकरी रोज मऊसूत, पांढरीशुभ्र. बुधवारची तेवढी करपलेली असते.

*

आणि हा श्रावणाआधीचा बुधवार.

रस्ते, पूल, साकव बघणारे साहेब आले होते. स्वभावानं गोड माणूस. प्रत्येक फोनला मी "आधी रेडिओ बारीक करा" म्हणत होते. तिसऱ्या फोनला त्यांनीच हसत हसत म्हटलं. त्यांना गंमत वाटायला लागली होती.

मी विचारलं, "वाड्यांवरच्या साकवांचं काय साहेब?" कुठल्या वाडीचं, ते नाही विचारलं. सर काचेपलीकडे उभे होते.

"सगळी कामं प्रगतीपथावर आहेत," साहेब म्हणाले. बाहेर पावसानं जोर धरला होता.

तेवढ्यात फोन लागला. नुसती खरखर. आणि तिच्या आतून आवाज आला, "नमस्कार मॅडम."

आयुष्यात मला कधी 'मॅडम' न म्हणालेल्या सासूबाई!

"नाव... नाव सांगा, आजी."

"नाव कशाला? वाडीतली बाई हाय. तुमच्याशी काम नाय. साहेबांना द्या."

"बोला आजी," साहेब म्हणाले.

"पाऊस वाढला म्हणून शाळा लवकर सोडली. ओंडका गेला वाहून. नात पलीकडं हाय, बाईंनी हात धरलाय तिचा, घाबरायचं कारण नाय." हे कोणासाठी होतं, ते मला कळलं. "मी अलीकडं हाय. पाणी कमरेच्या वर हाय. आता तिला घरी कशी आणू, तेवढं सांगा."

सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता फोन बंद करायची खूण करतील. सर हात मागे बांधून उभे राहिले. वनितानं उलट आवाज वाढवला. सगळ्या खोलीत ती खरखर भरली.

साहेबांनी कानाला हात लावला. "आजी, काही कळत नाही हो! खरखर फार आहे. आधी तुमचा रेडिओ बारीक करा!"

"रेडिओ घरी बंद करून आलेय साहेब. हा ओढा हाय. ह्याचं बटण तुमच्याकडं असतं म्हणतात, म्हणून फोन केला!"