भोसरीतला गुरुवारचा उपवास

गड झाले, घाट झाले, कोकण तर तीनदा झालं. या वेळी घरापासून तासाभरावर फिरायला गेले, तेही दोनदा. कारण पहिल्यांदा माझा सणसणीत पोपट झाला!

पुनावळ्यात आमच्या सोसायटीत पूजा-वाढदिवसांचं अन्न कचऱ्यात जातं, ते बघून माझं डोकं फिरतं. ग्रुपवर बडबडले, "भोसरीत खोल्यांमधून कितीतरी कामगार अर्धपोटी राहतात. उरलंसुरलं नको, ताजं रांधून नेऊ या." अंगठे भरपूर आले. प्रत्यक्षात आले फक्त शेजारच्या गल्लीतले नंदूकाका, टेम्पोसकट. काका इथले मूळचे. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत.

शनिवारी तळवड्यामार्गे चाकणच्या बाजारात गेलो. चाकणचा चौक सकाळी लवकर गाठा, नाहीतर ट्रकांच्या रांगेत एक झोप सहज होते. बटाटे पोत्यानं घ्या आणि भाव काकांसारख्या माणसाला करू द्या. "आवो, हा बटाटा हाय का गोटी?" एवढ्यावर व्यापारी निम्मा गार झाला. नंतर मिसळ हाणली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी तर्री पुन्हा मागितली. बटाटे, डिझेल आणि मिसळ मिळून खर्च म्हणाल, तर मॉलमधल्या एका सिनेमाइतका.

रविवारी भाजी-पोळ्या, आमटी-भात घेऊन भोसरी गाठली. सगळ्या खोल्यांना कुलपं! किराणावाला हसायला लागला. "रविवारी कोण भेटणार, ताई? एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी."

दहा वर्षं या शहरात राहते मी! काकांकडे वळले, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं की. पन म्हनलं, तुमी शिकलेली मानसं, कायतरी इचार केला आसंल."

शेवटी पाळी सुटून येणाऱ्यांना हाका मारमारून वाढलं. ते कँटीनमध्ये जेवूनच आले होते. बिचाऱ्यांनी आमचं मन राखायला दोन-दोन घास खाल्ले.

मग गुरुवारी रजा टाकली आणि पुन्हा निघालो. या वेळी खोल्या भरलेल्या. पहिल्याच खोलीत मीरा भेटली. लातूरकडची, विशी-बाविशीची, एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर काम करते. ताट पुढे केलं तर म्हणाली, "नको ताई, गुरुवार हाय. उपास हाय." शेजारच्या खोलीतही उपवास, पलीकडेही उपवास. मी तर भारावलेच. "किती श्रद्धा गं तुमची! पुढच्या वेळी साबुदाण्याची खिचडीच आणते!"

मीरा हसली आणि खाली बघायला लागली. काकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, उपासवाल्याच्या घरात शेंगदाना तरी दिसतो. हितं काय हाय बघा."

फळीवर मिठाची बरणी होती आणि चहापत्तीचा पुडा. बस.

मी मीराजवळ जाऊन बसले. हळूहळू तिनं सांगितलं. कामाच्या दिवशी कँटीनमध्ये एक वेळ पोटभर मिळतं, त्यावरच दिवस निघतो. पगार गावी जातो, धाकट्या बहिणी शिकतायत. गुरुवारी कँटीन बंद. "उपास म्हणलं की कुणी काही इचारत नाही बघा. पण शुक्रवारी पहिल्या पाळीला हात थरथरतो. मागच्या शुक्रवारी बोटं मशीनखाली जाता जाता वाचली."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आणि मी बया खिचडीच्या गप्पा मारत होते!

काकांनी सरळ जमिनीवर बसकण मारली, दोन ताटं वाढून घेतली. "मी एकटा जेवत न्हाई, पोरी. तू बसली न्हाईस तर मीबी उपाशी." मीरा बसली. पहिल्या घासाला लाजली, तिसऱ्या पोळीला नाही. मग शेजारणी आपापली ताटं घेऊन आल्या आणि अख्ख्या चाळीचा उपवास सुटला.

तुम्हाला जायचं असेल तर गुरुवारी दुपारी जा. फोटो काढू नका. 'भूक लागलीये का' असं विचारू नका, सोबत जेवायला बसा. आणि भाजीपेक्षा मोठं काम म्हणजे रेशन. गावच्या कार्डावर नाव असेल तर आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातही उचलता येतं. मीराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्याबरोबर दुकानात जायला कुणीतरी हवं असतं, एवढंच. वर्कशॉपवाल्यांनाही सांगणं आहे: बुधवारी काम सुटताना शिधा हातात द्या. शुक्रवारी मशीन तुमचंच चालायचं असतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी घरून काम करत होते. दुपारी ऐन मीटिंगमध्ये मीराचा फोन आला. "ताई, पाळी सुटली. आज हात थरथरला नाही."

मी रडले, उगाच खोटं कशाला बोलू. कॅमेरा चालूच होता. साहेबांनी घाबरून विचारलं, "काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, "काही नाही सर. एक मुलगी काल पोटभर जेवली."