निर्मलाच्या पुरणाच्या मांड्यांना मी दिलेला उलटा अंगठा

निर्मला काल गेली. तिनं जन्मात एकच व्हिडिओ टाकला होता, तो माझ्यामुळं उडाला.

मी शाळेत फार गेले नाही. हे माईकमध्ये बोलून लिहितेय. चुका असतील तर असू द्या.

बुधवारा मोहल्ल्यात आमच्या दोघींच्या घराची भिंत एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे सोबत करायचो. मी चूल सांभाळायची, ती हातावर मांडा फिरवून मातीच्या उलट्या खापरावर टाकायची.

मी खाता खाता तोंडावर सांगायची, "पुरण सैल झालं तुझं."

"मग ठेव खाली."

"ठेवते कशाला? दुसरा वाढ."

बस. एवढंच आमचं भांडण.

मागच्या वर्षी तिनं रेसिपीच्या ग्रुपवर मांडे करतानाचा व्हिडिओ टाकला. पिवळी साडी, केसात गजरा, लग्नाला निघाल्यासारखी.

पुरण सैल होतं.

मला टाइप करायला अर्धा तास लागतो. मी उलटा अंगठा दाबला आणि भाजी फोडणीला टाकली.

माझा पहिला होता. तो बघून बाकीच्यांनी पण दाबले. ज्यांनी कधी खापर पाहिलं नाही, त्यांनी पण.

संध्याकाळी व्हिडिओ गायब.

मी सीधी तिच्या दारात गेले. ती म्हणाली, "शोभे, सगळ्यांसमोर?"

"अगं, पुरणाला दिला. तुला थोडीच दिला?"

"तोंड तर माझं होतं ना तिथं."

तिची पोरगी मध्ये पडली. "मावशी, डाऊन म्हणजे काही नसतं. लोक टाइमपास म्हणून दाबतात."

मला वाटायचं, डाऊन म्हणजे इथं चुकलं, नीट कर.

निर्मलाला वाटलं, ऊठ इथून.

तेव्हा माफी मागायची होती. मी म्हटलं, "एवढं लागतं तर टाकायचं कशाला?"

बोलणं बंद नाही झालं. नळ आला का, भाजी काय केली, सगळं चालू होतं. पण ह्या आखाजीला तिनं खापर माळ्यावरून काढलंच नाही.

"हात दुखतो," म्हणाली.

खरंच दुखतो का, ते पण मी विचारलं नाही.

तोंडावर बोलायची तेव्हा माझं ताट तिच्यापुढं असायचं. बटणाला ताट नसतं, हे मला कळलं नाही.

हे माईकचं बटण आज तिच्याच पोरीनं दाखवलं. मागच्या वर्षी माहीत असतं तर.

ह्या पोस्टला अंगठे देऊ नका. सुलटे पण नको. पोरगी घरात एकटी आहे, जमलं तर येऊन बसा.

निर्मले, पुरण सैल होतं. ते मी आज पण म्हणेन.

दुसरा वाढ, एवढं म्हणायचं राहिलं.

जा सुखानं. तुझ्या शोभीचा नमस्कार.