मोटारीची माफी

मोटार सुरू करण्याआधी भट्टीमामा तिच्याशी बोलत. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा नगर-जामखेड मोटारीच्या पाठीवर इंजिनाला कोळशाचा गॅस पुरवणारी भट्टी बसली आणि ड्रायव्हरचं नाव भट्टीमामा पडलं. मागच्या बाकावरचा उतारू धुरानं काळा होऊन उतरे. तरी मामांचा दम असे, "आपली मोटार लई गुणाची हाय. तिला नावं ठिवायची न्हाईत."

मी जामखेडच्या मिशन शाळेत मास्तर होतो. गावाला दवाखाना हवा होता. बाळंतपणासाठी नगरला नेताना मामांची सून याच मोटारीत दगावली होती. दवाखाना कुठं काढायचा ते ठरवायला नगरहून विलायती डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. मामांच्या अंगात वारं शिरलं! साठवलेलं पेट्रोल ओतलं, दुसरे उतारू घेतले नाहीत, पुढच्या सीटवर गादी घातली. वाटेत मोगलाईची, म्हणजे निजामाची हद्द लागे. एरवी गठुडी सोडायला लावणारे नाक्यावरचे शिपाई त्या दिवशी सलाम ठोकून बाजूला झाले. मोटार अशी सुटली की दुभाषा म्हणून सोबत गेलेला मी टोपी धरून बसलो.

जामखेडला उतरून बाई म्हणाल्या, "किती सोपा प्रवास! मग तुमची आजारी माणसं नगरलाच येऊ शकतील की."

मी मराठीत सांगितलं आणि मामांचा चेहरा पडला. "मास्तर, पाहुणचारानं घात केला की वो!"

"उद्या परत नेताना रोजच्यासारखी न्या," मी म्हणालो.

"मडमसमोर? माझ्या मोटारीची शोभा करता व्हय?" ते भट्टीपाशी जाऊन मोटारीशी काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "चालंल."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. कोंबड्या चढल्या, तापानं फणफणलेला एक म्हातारा चढला. नाक्यावर गठुडी सुटली. चढावर मोटार धापा टाकत थांबली.

"उतरा समदी! लावा जोर!"

बाईही उतरल्या, बाह्या सारून ढकलू लागल्या. आम्ही ओरडत होतो, कोंबड्या ओरडत होत्या, आणि मोटार एकदम धडधडली! माथ्यावर बाईंनी म्हाताऱ्याची नाडी धरली. काजळलेल्या तोंडानंच म्हणाल्या, "दवाखाना जामखेडलाच."

मी ते मराठीत अक्षरशः किंचाळलो. मामांनी भोंगा वाजवला तो थांबेचना.

पुढं बाजारात लोक डिवचत, "काय मामा, मडमला ढकलाय लावलं म्हनं?"

"लई जोर हाय बाईच्या हातात," मामा हसून म्हणत आणि हळूच मोटारीच्या बॉनेटवरून हात फिरवत. मोटार रोजच्यासारखी न्यायची युक्ती माझी होती, हे मी कधी बोललो नाही. दवाखाना उघडला तेव्हा हार माझ्या गळ्यात पडला. मामा पाहुणे उतरवून मोटारीपाशीच उभे होते.

लढाईनंतर पेट्रोलची नवी मोटार आली. मामा काष्टीला लेकीकडं निघाले. जाताना म्हणाले, "मी तिची माफी मागितलीया, मास्तर. तुमीबी मागा कवातरी."

तेव्हा लाजलो, मामा. आज हे लिहून सगळ्यांदेखत मागतो. तुमची मोटार गुणाचीच होती.