पॉइंटवरचं तिकीट आणि माझा गुरुवार

माझ्या घरात गुरुवार शुक्रवारी सकाळी सात वाजता संपतो.

हसू नका. गेली अठरा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि बहुतेक काळ तिसऱ्या शिफ्टलाच आहे. ही शिफ्ट रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला सुटते, पण रजिस्टरमध्ये तारीख पडते ती सुरू झालेल्या दिवसाची. मध्यरात्री एक वाजता मशीन बंद पडलं, तरी कागदोपत्री ते आदल्या दिवशीच बंद पडलेलं असतं! भिंतीवरच्या कॅलेंडरशी आमच्या कंपनीचा संबंध नाही, आणि हळूहळू माझाही उरला नाही.

माझा धाकटा भाऊ विकास दिल्लीला असतो. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली. बाळंतपणाला आई आधीच तिकडे गेली होती. बारसं सव्वा महिन्यानंतरच्या रविवारी ठरलं, आणि बारसं म्हटलं की आत्या हवीच. आत्या म्हणजे आमची थोरली ताई. आम्ही कुरुळीचे, ताई दिलेली निघोज्यात. विकासच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं बाळासाठी कुंची शिवली होती आणि नऊ उन्हाळे ऊन दाखवून ती जपली होती. नावही तिनंच ठरवलं होतं, पण ते कुणाला सांगत नव्हती.

"पाळन्याजवळच सांगनार," ती म्हणायची. "तवर माझ्या नवऱ्यालाबी न्हाई."

तिला दिल्लीला न्यायची जबाबदारी मी छाती पुढे काढून घेतली, कारण माझ्याकडे क्रेडिट कार्डाचे पॉइंट होते! तीन वर्षं साठवले होते. आमच्या आळीत कुणी फ्रिज घ्यायला निघालं की मी कार्ड घेऊन त्याच्या आधी दुकानात हजर; बिल माझ्या कार्डावर, रोख माझ्या हातात. (शेजारच्या अण्णांनी तर एकदा मला चुकवण्यासाठी मागच्या दारानं जाऊन मिक्सर आणला.) एवढं करून पॉइंट भरले दोन तिकिटांपुरते.

"दोनच?" माझी बायको, सुनीता, म्हणाली.

"ताई आणि मी. तू पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी म्हणजे आणखी नऊ वर्षांनी?"

मी मोबाइलवर गाड्या शोधायला लागलो. गाडी पुण्याहून रात्री बारा पंचवीसची. गुरुवारी सकाळी कंपनीत ऑडिट होतं, त्यामुळे बुधवारची रात्र मला सोडणं शक्य नव्हतं. रजा गुरुवारच्या तिसऱ्या शिफ्टपासून मंजूर होती. गुरुवारी रात्री निघायचं, शनिवारी पहाटे दिल्ली. तिकीट काढलं आणि पुढचे पंधरा दिवस कंपनीच्या बसमध्ये 'फुकटात सेकंड एसी' या विषयावर न विचारता व्याख्यानं दिली.

मंगळवारी सकाळी ड्युटीवरून घरी आलो, तर सुनीता तिकिटाचा कागद डोळ्यांजवळ धरून उभी.

"अहो, गाडी कधीची म्हणालात?"

"गुरुवारी रात्री."

"इथं गुरुवार, शून्य वाजून पंचवीस मिनिटं असं लिहिलंय."

"बरोबर. गुरुवारची तिसरी शिफ्ट."

"रेल्वेला कुठली आलीय तिसरी शिफ्ट? गुरुवार लागून पंचवीस मिनिटं झाली की गाडी सुटणार. म्हणजे उद्या रात्री!"

मी कीव आल्यासारखा हसलो. तिला समजावून सांगण्यासाठी कागदावर तीन चौकोन काढले, पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट. तिसऱ्या चौकोनाच्या सुरुवातीलाच बारा वाजल्याची रेघ मारली, आणि रेघेपलीकडे शुक्रवार आला. गाडी खरंच उद्या रात्री होती! उद्या रात्री मी मशीनसमोर उभा, ताई निघोज्यात, आणि दिल्लीत बारसं आत्याशिवाय.

पहिला फोन बँकेला. बाई फार गोड बोलल्या, "सर, पॉइंटवर काढलेल्या तिकिटाबद्दल रेल्वेला विचारा." रेल्वेच्या हेल्पलाइनवर अर्धा तास बासरी ऐकली. "तारीख बदलत नाही. रद्द करा आणि नवीन काढा. पॉइंट परत मिळतील का, ते बँक सांगेल." परत बँक. परत त्या गोड बाई. दरम्यान सुनीतानं नवीन तिकीट मिळतंय का पाहिलं, तर वेटिंग लिस्ट आमच्या गावच्या मतदार यादीएवढी!

मग साहेबांना फोन केला. "साहेब, उद्याची रात्र सुट्टी मिळेल का?"

"भाऊ, परवा ऑडिट आहे. उद्या रात्री आला नाहीस, तर नंतरही यायची घाई करू नकोस."

शेवटी नाइलाजानं ताईला फोन लावला. ती भलतीच खुशीत होती.

"संज्या, डिंकाचं लाडू बांधून झालं बग. तू गोडाचं काय बी घिऊ नको."

मी सगळं सांगितलं.

"संज्या, तू कंपनीत सुपरवायझर हायेस ना?"

"हो ताई."

"कशाचा?"

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी आत्ताबी निघंल रं. पन एकटी कशी जाऊ? मला हिंदी येती ती 'कितने का' पातूर. नऊ वर्सं वाट बघितली मी."

ताई लहानपणापासून कधी रडली नव्हती. आताही रडली नाही, पण मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिंचवडच्या आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन पाय धरायचे, एवढाच मार्ग उरला. सुनीता म्हणाली, "मीपण येते, तुम्ही तिथंही शिफ्ट समजावत बसाल." जाताना तिनं कपाटातून रेशन कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. (का, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी विचारण्याचा अधिकार मी गमावला होता.) मोशीला ट्रक आडवा, भोसरीला सगळंच आडवं. खिडकीशी पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती.

"तारीख बदलत नाही," काचेमागचे गृहस्थ म्हणाले.

"साहेब, मी तिसऱ्या शिफ्टला..."

"गाढवपणा केलाय यांनी," सुनीतानं माझं स्पष्टीकरण आटोपशीर केलं. "नाव बदलतं का? यांच्या जागी माझं?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"घरच्या माणसाच्या नावावर होतं. गाडीच्या चोवीस तास आधी अर्ज पाहिजे, म्हणजे आजच. नातं काय?"

"बायको."

"पुरावा?"

"साहेब," मी म्हणालो, "हिनं मला तुमच्यासमोर गाढव म्हटलं. आणखी काय पुरावा हवा?"

सुनीतानं रेशन कार्ड पुढे सरकवलं. गृहस्थांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "हे पॉइंटवरचं तिकीट दिसतंय. थांबा, आत विचारून येतो." आणि उठून गेले! ती सात मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. इथं नाही झालं तर ताईला तोंड दाखवायचं कसं, याचाच विचार डोक्यात होता. शेवटी मागच्या माणसानंच मला पाणी दिलं.

"होतंय," ते परत येऊन म्हणाले. "अर्ज भरा."

अर्जावरही मी आधी सोमवारची तारीख घातली. सुनीतानं पेन काढून घेतलं.

घरी आल्यावर तिची बॅग दहा मिनिटांत भरून झाली. नऊवारी, सोन्याचे मणी, जावेसाठी साडी, बाळाचे वाळे. इतकी तयारी दहा मिनिटांत होत नाही, हे कळण्याइतका सुपरवायझर मी नक्कीच आहे.

बुधवारी रात्री ताईच्या नवऱ्यानं दोघींना गाडीत बसवलं. मी तेव्हा ऑडिटच्या फायली लावत होतो. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मेल आला, ऑडिट पुढच्या आठवड्यात ढकललं आहे! रिकाम्या घरात रजा घेऊन करायचं काय? मी रजा रद्द केली आणि कामावर जात राहिलो.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. पाळण्यात नऊ उन्हाळे खाल्लेली कुंची घातलेलं एवढंसं तोंड. ताई वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. (सर्वांत मोठा आवाज आला तो सुनीताच्या धपाट्याचा.) "अनघा!" ताई मोठ्यांदा म्हणाली आणि मग मात्र पाळण्याला धरून रडली. इकडे मीही डोळे पुसले.

तेवढ्यात आई फोनच्या काचेला नाक लावून म्हणाली, "सगळी आली गं, माझा थोरलाच तेवढा राहिला. तो कधी यायचा?"

"येतील की उद्या," मागून सुनीता म्हणाली. "त्यांचा अजून शनिवारच चाललाय."

तिकडे पाळण्याभोवती हशा पिकला. माझ्या अंगात कंपनीचा शर्ट होता, आणि शनिवारची तिसरी शिफ्ट संपवून मी नुकताच घरी आलो होतो.