लग्नानंतरची पहिली सहल, धरणगावच्या तांबड्या भुंग्यांकडे

"फिरायला जायचं का?" लग्नाला महिना होत आला तेव्हा यांनी विचारलं.

मी खूश. "कुठे?"

"धरणगावला. भोपळ्यावरचे भुंगे बाहेर पडलेत."

ही गोष्ट १९८८च्या मार्चमधली. मी साताऱ्याची, सासर धुळ्याचं. नवरा, विलास, कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचा आणि पीएचडीसाठी तांबड्या भुंग्याच्या मागे लागलेला. 'मैत्रिणी महाबळेश्वरला जाऊन आल्या,' असं मी सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुटपुटले आणि पिशवी भरायला घेतली.

सकाळची एसटी धरली. तुम्ही उन्हाळ्यात या वाटेनं गेलात तर डावी-उजवी बाजू बघून बसा. आम्ही उन्हाच्या बाजूला बसून भाजून निघालो. पारोळ्याला उतरून स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. वर लालभडक तर्री. डोळ्यांतून पाणी काढत मी विचारलं, "या भुंग्याचं एवढं काय आहे?"

विचारायचाच अवकाश. "मादी वेलाच्या बुंध्याशी ओल्या मातीत अंडी घालते. अळ्या मुळं कुरतडतात, मातीतच कोषात जातात. भुंगा वर आला की कोवळ्या पानांची चाळण करतो."

"म्हणजे जन्मभर एकाच घरी जेवतो."

"घर मात्र निवडून घेतो," हे हसले. "कुठला वेल त्याला सगळ्यात जास्त आवडतो, तेच शोधतोय."

दुसऱ्या एसटीनं धरणगाव आणि पुढे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांमधून पायी. शेत अक्कांचं. अक्का साठीच्या, एकट्यानं विहिरीवर भाजीपाला करणाऱ्या. त्यांनी यांना शेताचा एक कोपरा दिला होता. तिथे गंगाफळ, दुधी, काकडी, गिलकं आणि कारलं अशा ओळी लावलेल्या. गंगाफळ म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा आणि गिलकं म्हणजे घोसाळं, हे मला तिथे कळलं. औषध मारायचं नाही, कोपऱ्यात नाही आणि शेजारीही नाही, एवढीच यांची अट.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का बांधावर बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं, पाणी दिलं. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "देख भाऊ. बठ्ठं खाई टाकं."

गंगाफळाच्या ओळीत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. दुधी, काकडीचीही चाळण. गिलकं निम्मं. कारलं तेवढं हिरवंगार, जणू त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. हे कारल्यापाशी उकिडवे बसले आणि लहान मुलासारखे खुलले. "बघ, बघ! एकही भुंगा नाही!"

मी मात्र पलीकडे पाहिलं. अक्कांच्या स्वतःच्या गंगाफळावरही तांबडे ठिपके चालत होते.

"अक्का, तुमच्या वेलांवर पावडर नाही टाकली?" मी विचारलं.

"भाऊनी नको सांगं व्हतं," अक्का म्हणाल्या. "शबद दिना व्हता ना."

यांचा चेहरा उतरला. विहिरीचं पाणी वैशाखापर्यंतच पुरायचं. पुन्हा बी टोकायला वेळच नव्हता. हे बराच वेळ ओळींमधून फिरले, मग येऊन म्हणाले, "अक्का, उद्या पावडर टाका. सगळीकडे. माझ्या ओळींवर पण."

"मंग तुन्हा अभ्यास?"

"पुढल्या वर्षी करू."

अक्कांनी त्या संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि भरीत वाढलं. यांना घास जाईना. मला भरीत फार आवडलं होतं, पण मागायचं धाडस झालं नाही. अक्कांनी न विचारताच वाढलं.

उजाडता उजाडता शेतात गेलो. गारव्यात भुंगे सुस्त असतात, हातानं उचलता येतात. यांनी थोडे बरणीत घेतले, बाकीचे आम्ही रॉकेलच्या पाण्यात टाकले. पहिला भुंगा उचलताना मी किंचाळले. नंतर अक्कांशी माहेरच्या गप्पा मारत वेचत गेले. ऊन चढल्यावर अक्कांनी पावडर धुरळली. कारल्याला गरज नव्हती, तरी त्यावरही टाकली, आणि सगळ्यात आधी हेच हसले.

परतताना पॅसेंजरनं जळगाव केलं. केळी घेतली, बाजार फिरलो आणि धुळ्याची एसटी पकडली. "वर्ष गेलं," हे खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले. मी सोललेलं केळं त्यांच्या हातात दिलं.

घरी ओली माती भरलेल्या भुंग्यांच्या बरण्या माजघरात आल्या. पाला घालायचं काम माझ्याकडे आलं आणि एके दिवशी मातीत पिवळट-नारिंगी अंडी मलाच आधी दिसली. सासूबाईंनी तिकडे येणंच सोडलं.

पीएचडी वर्षभर लांबली. अक्कांचे निम्मे वेल वाचले. गंगाफळं धरली तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि मला एवढं मोठं फळ दिलं की ते एसटीत मांडीवर घेऊन बसावं लागलं.

महाबळेश्वर पुढे पाहिलं, छान आहे. पण लग्नाच्या त्या पहिल्या महिन्यात मला हा माणूस नीटसा कळत नव्हता. आपलं काम सोडून दुसऱ्याच्या वेलावरचे भुंगे वेचत तो ओळीच्या टोकाला वाकलेला दिसला, तेव्हा मनात आलं, याच्याशी आपलं जमेल.