पाच भोकांचा शब्द

मी रागीट माणूस आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये मी चिमटे फेकले आहेत, एकदा भिंतीवरच्या घड्याळाची काचही फोडली आहे. नागपूरहून बंगळूरला येऊन नऊ वर्षं झाली, हेब्बाळला घर झालं, हवा इथली थंड, पण डोकं काही थंड झालं नाही. यकृतातल्या गाठी पोट न फाडता, बारीक भोकांतून, दुर्बिणीने काढणं हे माझं काम. माझा हात चांगला आहे हे मला माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

या कामात ऑपरेशन किती अवघड जाईल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. गाठ केवढी, कुठल्या कोपऱ्यात, मोठ्या शिरेपासून किती लांब, यकृत मऊ आहे की जुन्या काविळीने कडक झालंय, या सगळ्याला गुण द्यायचे. आमच्या विभागात एक पद्धत होती. आदल्या दिवशी स्कॅन बघून प्रत्येकाने दहापैकी एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना न दाखवता. उघडताना सगळ्यात धाकट्याची चिठ्ठी पहिली. कुणाचाही आकडा सातच्या वर गेला, तर पेशंटला समोर बसवून नीट सांगायचं की पोट उघडावं लागू शकतं. पद्धत मीच सुरू केली होती.

यकृतात गाठ घेऊन आलेल्या त्या बाई साठीच्या. चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान स्वतः चालवायच्या. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, पण घरात मराठी. मी मराठी बोलतोय हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम फुलला, आणि दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून कंटाळलेला मीही सुखावलो.

"अण्णा, स्वल्प भोकं पाडून काढ. पोट फाडू नको, सरी?" त्या आपल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या.

त्यांच्या धाकट्या बहिणीचं पोट पूर्वी फाडलं होतं. टाके सुटले, आतडं फुगून वर आलं आणि ती बाई कायमची घरात बसली. "मला अंगडीत उभं राहायचंय," त्या म्हणाल्या. अंगडी म्हणजे दुकान; तेच नसेल तर जगून काय करू, असंही म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अक्का, पाच भोकं. त्याहून जास्त काही नाही. माझा शब्द." चिठ्ठ्या अजून लिहायच्या होत्या.

दुपारी चिठ्ठ्या उघडल्या. पहिली चिठ्ठी माझ्या हाताखालच्या मुलीची. बेळगावची, दोन वर्षं माझ्यासोबत, ऑपरेशनमध्ये कॅमेरा धरणारी. तिने नऊ लिहिले होते. माझे पाच होते. "एवढी घाबरतेस तर कातडीची डॉक्टर व्हायचं होतंस," मी सगळ्यांसमोर म्हणालो आणि चिठ्ठी चुरगाळून टोपलीत टाकली. ती लालबुंद झाली, पण आकडा बदलते म्हणाली नाही. नियमाप्रमाणे मी अक्कांकडे परत जायला हवं होतं. सहीच्या कागदावर बारीक अक्षरात सगळं असतंच, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे दिलेला शब्द मागे घ्यायची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनमध्ये, गाठ जवळजवळ सुटली होती. फक्त यकृताच्या मागच्या, वरच्या कोपऱ्यात, मोठ्या शिरेला ती अजून चिकटलेली होती. मी ओढलं आणि शीर फाटली. पडदा लाल झाला. मी टाका घातला, टाक्यानं शीर आणखी चिरली. रक्त उसळून कॅमेऱ्याच्या काचेवर आलं. भूल देणारे डॉक्टर प्रेशर सांगत होते, ऐंशी, सत्तर, साठ.

"सर, ओपन करूया," कॅमेरा धरलेली ती मुलगी म्हणाली.

"गप्प बस."

"सर, पेशंट जाईल."

मी हातातल्या लांब दांड्याच्या पकडीने तिच्या बोटांवर मारलं. दोनदा. ग्लोव्ह फाटला, आत तिचं रक्त दिसलं. हे लिहिताना मला माझी किळस येते. तिने कॅमेरा बाहेर ओढला. पडद्यावर छताचे दिवे दिसायला लागले आणि मी आंधळा झालो. तिने वर दुसरा ग्लोव्ह चढवला, सुरी मागितली आणि बरगड्यांखालून अक्कांचं पोट एका रेषेत उघडलं. मग हात आत घालून यकृत मुठीत दाबून धरलं. रक्त तिच्या कोपरापर्यंत चढलं होतं. "आता शिवा," ती म्हणाली. मी शिवलं. प्रेशर हळूहळू वर आलं.

हात धुताना मी विचारलं, "नऊ का लिहिले होतेस?"

"गाठीचे सहा," ती नळाकडे बघत म्हणाली. "तीन तुमचे. तुम्ही त्यांना शब्द देताना मी दारात उभी होते." मग नळ बंद करून म्हणाली, "मारल्याची तक्रार देणार आहे."

"दे," मी म्हणालो. तिने दिली, आणि चौकशीत मी सगळं कबूल केलं.

चौथ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना अक्कांनी पहिल्यांदा आपलं पोट पाहिलं. आम्ही दोघंही पलंगाशी होतो. त्या आधी रडल्या, मग ओरडल्या, "कुणी फाडलं?"

"मी," ती मुलगी म्हणाली. तिची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली होती.

अक्कांनी उशाजवळचा स्टीलचा तांब्या तिच्या अंगावर फेकला. तो तिच्या खांद्याला लागला, पाणी सगळीकडे उडालं. "तुझे हात झडोत! माझ्या अण्णानं शब्द दिलता. त्यानं नसतं फाडलं."

खाली वाकून तिने तांब्या उचलला.

"बरोबर आहे, अक्का," मी म्हणालो. "मी नसतंच फाडलं. मी शब्द पाळला असता आणि तुम्हाला टेबलावरच मारलं असतं."